झाकणावरचा नुक्ता

आपा,

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. उद्या विभागात शोकसभा आहे. मुलं म्हणाली, ‘सर, आपांवर तुम्हीच बोला, तुम्हीच सगळ्यांत जास्त वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंय.’ बोलणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या निरोप समारंभातही मी नारळ हातात देऊन खाली बसलो होतो. म्हणून लिहून काढतोय. उद्या वाचेन, आणि मग हेच विभागाच्या अंकाला देईन.

तुम्ही कधी नोकरीला लागलात, कधी निवृत्त झालात, हे कार्यालयातल्या फायलीत आहे. त्यासाठी माझी गरज नाही. माझी गरज एकाच गोष्टीसाठी आहे. ती आपल्या दोघांनाच ठाऊक होती. आता मला एकट्याला ठाऊक आहे, आणि मी गप्प बसलो तर ती यापुढे कुणालाच कळणार नाही. गप्प बसण्याची इतकी मोठी सोय मला आजवर कधी मिळाली नव्हती.

म्हणून आधीच लिहून टाकतो. सातव्या नमुन्याच्या ट्यूबच्या झाकणावरचा नुक्ता, शाईचं टिंब, मी पुसला होता. आठव्याच्याही. चुकून हात लागला असं नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसला.

झालं. आता बाकीचं नीट सांगतो, कारण उद्या पहिल्या रांगेत अशी मुलं बसतील ज्यांना तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं नाही.

त्या नव्या चिपा आपल्याकडे आल्या तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. नखाएवढी काच, आणि तिच्यावर लाखो ठिपके. जनुकाचा निरोप पेशी सलग पाठवत नाही. आधी लांबलचक लिहिते, मग त्यातलं नको ते कापून टाकते आणि हवे ते तुकडे एकापुढे एक जोडते. त्या हव्या तुकड्यांना एक्झॉन म्हणायचं. जुन्या चिपा अख्ख्या जनुकाचा मिळून एकच आकडा द्यायच्या. या नव्या चिपा प्रत्येक तुकड्याचा वेगळा आकडा देणार होत्या. मी फळ्यावर अर्धा तास आकृत्या काढल्या. मुलं माना डोलवत होती आणि कुणाला काही कळत नव्हतं. तुम्ही मागं बर्फाचा डबा भरत उभ्या होतात. तिथूनच म्हणालात,

“अरे बाबांनो, जुनी चिप दारातूनच बघायची. ‘वर्ग भरल्यासारखा दिसतोय’ म्हनायची आन् जायची. ही एकेकाचं नाव घेऊन हजेरी घेती. कोन पळून गेलं ते हिलाच कळतं.”

वर्ग हसला आणि वर्गाला कळलं. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या तासाला मी हेच उदाहरण देतो, आपा. कुणाचं आहे ते कधी सांगितलं नाही. हीसुद्धा चोरीच, पण आज मोठीपुढं ही किरकोळ वाटते.

आपलं काम होतं कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेल्या लोकांवर. निम्मे नमुने रुग्णालयातून आलेले, निम्मे वाळूजच्या एका कारखान्यातल्या धडधाकट कामगारांचे. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत कुठलं जनुक किती बोलतं, आणि त्याचा कुठला तुकडा गैरहजर आहे, हे बघायचं. कुठला नमुना रुग्णाचा आणि कुठला निरोग्याचा हे निकाल तपासणाऱ्याला कळू नये, म्हणजे मनात काही न धरता काम होतं. मीच म्हणालो होतो, “आपा, ट्यूबच्या झाकणांवर तुम्ही तुमचे उर्दू आकडे लिहा. आमच्यातल्या कुणाला वाचताच येणार नाहीत.” तुम्हाला ते मनापासून आवडलं. पहिली ते दहावी उर्दू शाळेत गेलेल्या तुमच्या आकड्यांना पहिल्यांदाच सरकारी काम मिळत होतं.

मग मी हट्ट धरला, मला शिकवा. चहाच्या वेळी तुम्ही टिश्यूवर लिहून दाखवलंत.

“हे बघा सर. हा सात. वर उघडी झोळी. आन् हा आठ. आठ म्हंजी दौलताबाद. वर टोक, खाली दोन्हीकडं उतार.”

“पण झाकण गोल आहे, आपा. उलटं धरलं तर दौलताबादची झोळी होईल की.”

“हौ, होतीच. सातचा आठ, आठचा सात. म्हनून खाली नुक्ता द्यायचा.” तुम्ही आकड्याच्या पायाशी एक टिंब टेकवलंत. “नुक्ता जमिनीकडं. आदुगर नुक्ता बघायचा, मंग आकडा वाचायचा.”

“आणि नुक्ता द्यायचा विसरलात तर?”

“आमच्या मास्तरांनी छडी मारून मारून हाताला शिकवलंय, सर. मी विसरंल, हात नाय विसरनार.”

माझ्याइतकं नीट हे त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. हे ठळकपणे लिहितोय, कारण पुढं मी काय केलं ते याच्याशिवाय कळणार नाही.

आकडे आले. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून नेण्याचं काम करणारं एक जनुक आहे. सातव्या नमुन्यात त्याचा एक तुकडा निम्माच भरला. बाकी सगळे तुकडे हजर, हा एकच अर्धा गैरहजर. आई आणि बाप दोघांकडून आपल्याला जनुकाची एकेक प्रत मिळते. त्यातली एक प्रत हा तुकडा गाळून निरोप जोडत होती. मी खुर्चीतून उठलो. हेच तर शोधत होतो! मग कपाटातून नावांची यादी काढली. सातवा नमुना रुग्णाचा नव्हता. सातवा होता कारखान्यातला एक निरोगी तरुण. आठवा नमुना रुग्णालयातल्या एका बाईंचा, ऐन चाळिशीत झटका आलेला. त्यांच्यात सगळे तुकडे जागेवर.

मला हवं होतं त्याच्या बरोब्बर उलटं.

पुढच्या आठवड्यात बाहेरची समिती येणार होती. प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार की नाही, ते तिथं ठरणार होतं. तुम्ही जेवायला गच्चीवर गेल्या होतात. मी बर्फातून सात आणि आठ काढले आणि समोर ठेवले. दोन्ही नुक्ते जागच्या जागी होते. तुमचा हात विसरला नव्हता. मी पाच मिनिटं तरी त्यांच्याकडं बघत बसलो असेन. मला वाटत होतं, एक टिंब तर आहे. टिंब नसेल, तर कुणीही म्हणेल की झाकण उलटं वाचलं गेलं. नमुन्यांची अदलाबदल झाली. नावं फिरवली की सगळं सरळ होतं.

मी नावं फिरवली.

समितीपुढं मी सांगितलं की झाकणं उलटी वाचून तुमच्या हातून सात-आठची अदलाबदल झाली, आणि तुम्हाला बोलावलं. त्या ट्यूबा बर्फाच्या डब्यात टेबलावर होत्या. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “प्रयोगशाळेत हे असले आकडे लिहितातच कशाला?” ते नुसत्या आकड्यांबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं. तुम्हालाही कळलं. तो आकड्यांचा बेत माझा होता, हे एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तुम्ही म्हणालात, “साहेब, अदलाबदल नाय झाली. मी खाली नुक्ता देती. सरांना इचारा.”

“कुठंय नुक्ता?” मी विचारलं.

तुम्ही सातवी ट्यूब उचलली. झाकण उजेडात धरलं. मग आठवी. मग पुन्हा सातवी. बराच वेळ. मग ती बर्फात परत ठेवलीत, नीट, सरळ, जशी रोज ठेवायचात तशी, आणि म्हणालात, “न्हाई.” एवढंच.

मुदतवाढ मिळाली. शोधनिबंध छापून आला. माझी पदोन्नती झाली. ‘नमुन्यांवर फक्त इंग्रजी आकडे लिहावेत’ हे परिपत्रक विभागात लागलं. त्याचा मसुदा मी केला होता. तुमच्याकडून चिपा काढून घेतल्या. काचेची भांडी आणि रक्ताची नोंदवही तुमच्याकडं आली. विभागात सगळ्यांत हलका हात तुमचा. चिपेत नमुना सोडताना तुमच्याकडून कधी एक बुडबुडा अडकला नाही. तो हात बाटल्या घासू लागला. पोरं मागून ‘सात-आठ आपा’ म्हणायची. एकदा तुम्ही ऐकलंत आणि वळून म्हणालात, “हौ रे, सात-आठच. तुला नव-धा पायजेत का?” पोरगं लाजून पळालं. मी दाराआड उभा होतो. मीही पळालो.

आपण भांडत राहिलो, पण कधी यावर नाही. भांडायचो ते माझ्या सरासरीवर. चार आकडे आले, एक वेगळा पडला, की मी त्याला बाजूला करायचो. तुम्ही भांडी पुसत पुसत टोमणा मारायचात, “सरांना येगळं मानूस बघवत नाय.” मी म्हणायचो, “आपा, चुकीचा आकडा चुकीचाच असतो.” तुम्ही म्हणायचात, “आन् बरोबरचा येगळा असला तर?” हे भांडण संपलं नाही. तुमचंच बरोबर होतं, पण मान्य करायला मी घेतला इतका वेळ की आता तुम्हाला सांगता येत नाही.

आता तुमच्या विजयाचं लिहितो. उद्या वाचताना मला इथपर्यंत पोचायचंय.

तुमच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मयूरी नावाची नवी मुलगी संशोधनाला आली. हात बसावा म्हणून मी तिला जुन्या चिपांचे आकडे पुन्हा तपासायला दिले. तेच आकडे. मला वाटलं, इतक्या वर्षांनी त्यात कोण काय बघणार. तुम्ही तिच्याशेजारी स्टूल ओढून बसलात.

“पोरी, पयलं काय बघशील?”

“दर्जा बघेन, आपा.”

“पयलं बाई कोन आन् बाप्या कोन ते बघ. यादीत लिव्हलंय तसंच चिप म्हनती का.”

बाईच्या पेशीतच बोलणारं एक जनुक आहे. पुरुषाच्या पेशीत ते मुकं असतं. कुठल्या चिपेवर बाईचा नमुना आहे ते चिप स्वतःच सांगते, तिला झाकणावरचा आकडा लागत नाही. हे तुम्ही कधी वाचलंत, आपा? मागाहून कळलं. बाटल्या घासायच्या त्या वर्षांत, ग्रंथालयातून एकेक लेख मागवून, शब्दकोश मांडीवर घेऊन. तुमची मुलगी सांगत होती, अम्मी रोजा सोडायच्या आधीचा तास त्यातच घालवायची, वेळ जावा म्हणून.

मी काचेच्या दारापलीकडं होतो. मयूरीचा आवाज आला, “आपा, हे उलटं आहे! सातवा नमुना यादीत बाईचा म्हणून आहे, पण चिपेवर तो पुरुष आहे. आणि आठवी चिप ओरडून सांगतेय, मी बाई!” ती माझ्याकडं पळत आली. “सर, नमुने नाही बदलले, नावं बदललीत!”

मी म्हणालो, “फाइल हलवताना सरकली असतील.”

तुम्ही स्टुलावरून माझ्याकडं बघितलंत. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, “हौ. सरकली असतील.” आणि मग, मला श्वास घ्यायलाही न देता, “ते ऱ्हाऊ द्या, सर. त्यो सातवा कुठंय? जित्ता हाय का?”

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं, आपा. इतकी वर्षं सातवा म्हणजे माझ्या दृष्टीनं एक झाकण होतं. ज्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल साठत चाललंय आणि ज्याला आपण ‘निरोगी’ म्हणून परत कारखान्यात पाठवलं, असा माणूस तुमच्या डोळ्यापुढं होता. त्या वेळी आम्ही त्याचा रक्तदाब बघितला, साखर बघितली, कोलेस्टेरॉल मोजलंच नव्हतं. तेवढी शिस्त आमच्यात नव्हती.

पुन्हा संपर्क करायला त्यानं तेव्हा लेखी परवानगी दिली होती. रुग्णालयातले डॉक्टर, तुम्ही आणि मी, तिघं बजाजनगरला त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात चपलांचा ढीग. त्याची बायको कणीक मळत होती. हात तसेच घेऊन दारात आली.

डॉक्टर म्हणाले, “आम्ही त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला आलोय.”

“त्यांना काय झालंय? सकाळच्या पाळीवरून आताच आलेत. आठ पोळ्या खाऊन झोपलेत.”

तुम्ही पुढं झालात. “ताई, आठ पोळ्या खानाऱ्याला बघायलाच आलोय. उठवा त्याला. म्हनावं तुझी आत्या आलीय.”

“कोन आत्या?”

“त्याच्या दंडातलं रक्त मीच काढलं व्हतं. सुई बघून तोंड फिरवलं व्हतं त्यानं. त्याला इचारा.”

आतून आवाज आला, “अगं, त्या आपा हायेत!” त्याला तुम्ही आठवत होतात. मी आठवत नव्हतो.

त्याचं कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीच पुढच्या तपासण्या लावल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. वेळेत निघाला. तो आज गोळ्या घेतो, कामावर जातो. थोरल्या मुलीचं कोलेस्टेरॉलही वाढलेलं निघालं, तिचंही औषध सुरू झालं. धाकटा मुलगा सुटला. डॉक्टर नंतर मला म्हणाले, “आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर मी काही सांगू शकलो नसतो.” जी वर्षं आधीच गेली होती, ती कुणामुळं गेली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं.

तरी पुरावा पुरा नव्हता. तो तुकडा खरंच गळतो का, हे चिपेच्या बाहेर दाखवायचं होतं. त्याच्या नव्या रक्तातून आरएनए, म्हणजे तोच जनुकाचा निरोप, काढायचा, तुकड्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खुणा धरून मधल्या भागाच्या प्रती करायच्या, आणि त्या जेलच्या पातळ वडीतून विजेनं पळवायच्या. तुकडा जागेवर असेल तर प्रत लांब, तिची पट्टी वर राहते. गळाला असेल तर आखूड, ती खाली पळते. मयूरी म्हणाली, मी करते. तुम्ही म्हणालात, “तू शिकशील मागून. आज मी.” तेवढ्या वर्षांनी तुम्ही पांढरा कोट चढवलात. बटणं लागत नव्हती. “कोट आटला,” म्हणालात.

दुपारचे तीन वाजले होते. जेल दिव्यावर ठेवला. निरोग्याच्या रकान्यात एकच पट्टी, वर. सातव्याच्या रकान्यात दोन. एक वर, एक खाली, दोन्ही सारख्याच तेजाच्या, जशा कुणी पट्टीनं आखल्या असाव्यात. मयूरीनं किंकाळी मारली. अख्खा मजला धावत आला. तुम्ही दिव्यापुढचा संरक्षक चष्मा नाकावर सरकवलात आणि खालच्या पट्टीवर बोट ठेवलंत. “ही बघा. पळून गेल्याली हीच. सापडली.” मग वरच्या पट्टीवर. “आन् ही दुसरी. हिच्या जिवावर त्यो आजवर ऱ्हायला.” खालच्या टपरीवाल्यानं चहा फुकट दिला, कशाबद्दल ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी इतक्या वर्षांत त्या इमारतीत असा आनंद पाहिला नव्हता. तो तुमचा होता, सगळा, काठोकाठ. आणि मी त्यात उभा होतो, आणि मलाही आनंद झाला होता, खरंच झाला होता. हे माझ्याबाबतीत कुणाला पटेल की नाही माहीत नाही.

नवा निबंध निघाला. पहिलं नाव तुमचं, शकीला शेख, तंत्रज्ञ. परदेशातून पत्रं आली, त्यांत तुम्हाला ‘डॉक्टर’ लिहिलं होतं. तुम्ही मयूरीला सांगितलंत, “कळव त्यांना, डॉक्टर न्हाई म्हनावं. धाव्वी पास आन् लॅबचा डिप्लोमा.” विभागानं परिपत्रक मागं घेतलं. आता मुलं हौसेनं तुमचे आकडे शिकतात, नुक्ता देतात, आणि त्याला ‘आपांचा नुक्ता’ म्हणतात.

आणि जुन्या निबंधाची दुरुस्ती मी छापायला पाठवली. ती पाठवण्याआधी तुम्हाला दाखवली. ‘सातव्या व आठव्या नमुन्यांच्या नावांची अनवधानाने अदलाबदल झाली होती.’ तुम्ही वाचलंत. एका शब्दावर बोट ठेवलंत.

“सर, ह्यो शब्द खरा हाय का?”

मी पेनचं टोपण लावलं.

“त्या दिवशी सातच्या झाकणावर खाली शाई पसरल्याली व्हती. आकडा तसाच. खालीच पसरल्याली, वाटाण्याएवढी. पानी लागलं असतं तर आकडा पन पुसला असता.”

म्हणजे तुम्हाला समितीपुढं, त्याच क्षणी, कळलं होतं. मी विचारलं, “मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“कुनी ऐकलं असतं, सर?” तुम्ही सरळ विचारलंत. चिडून नाही. उत्तर हवं होतं म्हणून. उत्तर ‘कुणी नाही’ हे होतं, आणि ते तसं व्हायला मीच कारण होतो.

“आता तर ऐकतील,” मी म्हणालो.

“मी नाय सांगनार. मी सांगितलं तर ती तक्रार व्हईल. तुमी सांगितलं तर...” तुम्ही वाक्य सोडून दिलंत आणि पिशवी उचललीत. तो शब्द तसाच छापून आला. अनवधानाने.

उस्मानपुऱ्यात तुमच्या घरी शेवटचं भेटायला आलो तेव्हा तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होतात. ऑक्सिजनची नळी नाकाला. मी ठरवून आलो होतो. तुमची मुलगी चहा ठेवायला आत गेली. तुम्हीच म्हणालात, “सर, ते शब्दाचं ऱ्हायलं.” मी म्हणालो, “बघतो, आपा.” बघतो! सरकारी कार्यालयात अर्जाला म्हणतात तसं. तुम्ही हसलात आणि खोकलात, आणि चहा आला, आणि मयूरीच्या नोकरीचं बोलणं निघालं. पाचव्या दिवशी फोन आला.

माफी मागायची तर ती तुम्ही असताना मागायची होती. आता मागितली तरी ती घ्यायला कुणी नाही. म्हणून मागत नाही. जे तुम्ही सांगितलं होतं तेवढं करतो. आज सकाळी दुरुस्तीची दुरुस्ती पाठवली आहे. त्यात ‘अनवधानाने’ काढून ‘जाणूनबुजून’ घातलंय, आणि कुणी केलं ते माझ्या नावानिशी लिहिलंय. त्याची प्रत विभागप्रमुखांच्या टेबलावर आहे. ते म्हणाले, “कदम सर, त्या गेल्या. पुरावा काही नाही. कशाला उकरता?” त्यांचं बोलणं चांगल्या मनाचं होतं. मी म्हणालो, “नोंद करून घ्या.” पुढं काय व्हायचं ते होऊ दे. पद जाईल, जाऊ दे.

इथपर्यंत सभेच्या आधी लिहिलं. आता सभा झाल्यानंतर लिहितोय.

मी वाचलं, आपा. सगळं. समितीच्या त्या वाक्यापाशी पाणी प्यायलं, पुन्हा वाचलं. सभागृह भरलं होतं. तुमची मुलगी होती, ती समोर बघत होती. वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली. मागं कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि घाईनं बंद झाला. प्रमुख माईककडं यायला उठले आणि पुन्हा बसले. मयूरी माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत जे होतं ते मला बरेच दिवस पुरेल. तसं असायलाच हवं.

तुमची मुलगी उठली. म्हणाली, “अम्मी घरी एवढंच सांगायची, सर लई हुशार हायेत. दुसरं कधीच काही बोलली नाही.” मग माझ्याकडं वळली. “मला तुम्हाला काय म्हणायचं ते आज नाही म्हणता येणार. पण तिचं काम सगळ्यांपुढं सांगितलंत, ते सांगायलाच पाहिजे होतं.” आणि बसली.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून सातवा उठला. कंपनीचा निळा शर्ट, पाळी बदलून थेट आलेला, हाताशी थोरली मुलगी. त्याला माईक द्यायला कुणी गेलं, त्यानं हातानंच नको म्हटलं. मला वाटलं, आता तो मला विचारेल, आणि त्याला विचारायचा हक्क होता. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तुमच्या फोटोकडं वळला आणि मोठ्यानं, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं म्हणाला, “आत्या, मी सातवा. ही माझी पोरगी. दोघंबी ठनठनीत हावोत.”

आणि त्यानं टाळी वाजवली. एकट्यानं. मग त्याच्या पोरीनं. मग मयूरी, मग मुलं, मग समितीच्या त्या दिवसापासून विभागात असलेले शिपाईकाका, भिंतीला टेकून, रडत. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, आपा. आज ते कुणालाच आठवलं नाही.